फ्रिजखालचं पाणी

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर ‘फ्रिजमधला बर्फ आणि पाणीगळती’ हा विषय वाचून काहीजणी हसल्या. एकीने मला बाजूला घेऊन विचारलंही, “ताई, पाणीटंचाई, रेशन, दारूबंदी हे सगळं सोडून फ्रिज कुठून काढलास?” प्रश्न रास्त आहे. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. त्या पाण्यावर मुंबई जगते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. तिथे फ्रिजमधून गळणाऱ्या वाटीभर पाण्याची काय कथा?

पण गेली काही वर्षं समुपदेशनाला बसताना हे वाटीभर पाणी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतंय. फ्रिज आता शहरातल्या फ्लॅटपुरता राहिलेला नाही. तो हप्त्याने मिळतो, लग्नात दिला जातो. आपल्या गटांतल्या काहीजणी त्याच्या जोरावर दूध, इडलीचं पीठ, पोरांच्या पेप्सीच्या कांड्या विकतात. फ्रिज घरात येतो तेव्हा हळदीकुंकू लावून त्याची पूजा होते, आणि तो बिघडतो तेव्हा बाईची ‘पूजा’ होते. म्हणून हा विषय घेतला.

मुरबाडकडची एक बाई आमच्याकडे आली होती. तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव-गाव सांगत नाही. लग्नात माहेरच्यांनी एका दाराचा फ्रिज दिला होता. चार वर्षांनी पावसाळ्यात त्यातून पाणी यायला लागलं. सासू म्हणाली, “तुझ्या बापाने जुना माल रंगवून दिला.” नवरा म्हणाला, “हिला वापरताच येत नाही.” मेकॅनिक तीनदा आला, तीनदा ‘गॅस भरला’ म्हणून पैसे घेऊन गेला. पाणी थांबलं नाही. एका रात्री त्या पाण्यावरून सासरे घसरले आणि तिने मार खाल्ला. गणपतीत माहेरी पाठवताना तिला सांगितलं, “येताना दोन दाराचा नवा घेऊन ये, नाहीतर येऊ नको.”

तिची तक्रार लिहून घेताना मी विचारलं, “पाणी नेमकं कुठून येत होतं?” ती म्हणाली, “ते कोणी बघितलंच नाही. मी पुसत होते.”

माझी स्वतःची फजिती

मला हा प्रश्न सुचला, कारण मी स्वतः एकदा पोळले होते. मी एम.एस.डब्ल्यू. केलं. कायदा शिकले, गटबांधणी शिकले. शहापूरला खोली घेऊन राहायला लागले, तेव्हा एक जुना फ्रिज विकत घेतला. पहिल्याच पावसाळ्यात त्यातून पाणी यायला लागलं. मी काय केलं? आधी फडकं टाकलं, मग पातेलं लावलं. बर्फ फार साठला म्हणून उलथन्याने खरवडायला गेले आणि फिस्स असा आवाज आला. फ्रीजरच्या पत्र्याला भोक पडलं होतं. सगळा गॅस गेला. दुरुस्तीला अर्धा पगार गेला.

बाजारपेठेतला एक वयस्कर दुरुस्तीवाला आला होता. तो म्हणाला, “ताई, बिघाड एवढासा होता, तुम्ही मोठा केलात.” मी म्हटलं, मला शिकवा. सुटीच्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर संस्थेतला एक सहकारी होता. प्रश्न मी विचारत होते आणि दुरुस्तीवाला उत्तरं त्याच्याकडे बघून देत होता! दुसऱ्या वेळेपासून मी एकटीच गेले. मग मात्र त्याने मनापासून शिकवलं. आज सांगते आहे ते त्यातलंच.

फ्रिज काय करतो?

मातीचा माठ आपल्याला माहीत आहे. माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार होतं. फ्रिजचं तत्त्व तेच. त्याच्या नळ्यांमध्ये एक द्रव असतो. फ्रीजरपाशी त्याची वाफ होते, ती आतली उष्णता घेते. मागे खाली कॉम्प्रेसर असतो, तो ही वाफ दाबतो. मागच्या जाळीत किंवा कडेच्या पत्र्याखालच्या नळ्यांत ती उष्णता बाहेर टाकते आणि पुन्हा द्रव होते. म्हणून फ्रिजची पाठ गरम लागते. म्हणूनच तो भिंतीला चिकटवून, पत्र्याच्या घरात उन्हाच्या बाजूला ठेवला की बिचारा धापा टाकतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. माठातली वाफ उडून जाते, फ्रिजमधली बंद नळ्यांतच फिरत राहते. म्हणजे गॅस वापरून संपत नाही. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. म्हणून कोणी ‘गॅस भरावा लागेल’ म्हटलं तर पहिला प्रश्न विचारायचा: गळती कुठे आहे, ती दाखवा आणि आधी बंद करा. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

बर्फ कुठून येतो?

बर्फ हवेतून येतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातला ओलावा सर्वात गार जागी, म्हणजे फ्रीजरच्या पत्र्यावर गोठतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा किती ओली असते ते पापडवाल्या बायांना विचारा! त्यातून झाकण न ठेवलेलं कालवण, गरम दूध, धुऊन न निथळलेली भाजी आत गेली की ओलावा आणखी वाढतो.

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये थोडा बर्फ साठणारच, तो बिघाड नाही. पण थर पाव इंचाच्या आसपास गेला की काढायचा. कारण बर्फ गोधडीसारखं काम करतो; थंडी खाली पोचू देत नाही. मग खालचं दूध नासतं, आपण बटण जास्त थंडीवर फिरवतो, कॉम्प्रेसर जास्त चालतो, बर्फ आणखी वाढतो आणि विजेचं बिलही. इथेच बऱ्याचजणी फसतात.

बर्फ काढायची रीत: थंडीच्या बटणाच्या मधोमध डीफ्रॉस्टचं छोटं बटण असतं, ते दाबायचं. बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर येतं. थर फार जाड असेल तर सामान काढून घ्यायचं, प्लग भिंतीतून काढायचा, दार उघडं ठेवायचं आणि फ्रीजरमध्ये कोमट पाण्याचं भांडं ठेवायचं. वेळ लागतो, लागू दे. सुरी, उलथनं, पेचकस काहीही लावायचं नाही. माझा अर्धा पगार आठवा.

बर्फ वारंवार आणि लवकर साठत असेल तर दाराचं रबर तपासायचं. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि नोट ओढा. अडकत-अडकत आली तर रबर चांगलं. सहज निसटली तर तिथून हवा आत जाते. वीतभर अंतरावर अशी नोट लावत सगळं दार फिरायचं. मुख्य म्हणजे खालचा कोपरा. तिथे रबर आधी कडक होतं. साबणाच्या कोमट पाण्याने घड्यांमधली काळी बुरशी पुसून काढा. रबर दबलेलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर थोडा वेळ धरा, पुष्कळदा ते फुलून येतं. फाटलं असेल तर बदलायचं. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच असले की दार आपोआप मिटतं. आपल्या घरांची जमीन सारखी नसते, म्हणून हे मुद्दाम बघायचं.

दोन दाराच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजचं थोडं वेगळं आहे. त्याच्या फ्रीजरमध्ये मागच्या पडद्याआड पंखा आणि एक छोटा हीटर असतो. तो अधूनमधून बर्फ वितळवतो. तिथे बर्फ कुठे दिसतो त्यावरून बिघाड ओळखायचा. दाराजवळच्या कोपऱ्यात बर्फ असेल तर रबर. फ्रीजरच्या तळाशी लादीसारखा असेल तर निचऱ्याचं भोक बुजलंय. मागचा सगळा पडदा पांढरा झाला आणि खालच्या कप्प्यात थंडी नाही, तर हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा भाग बिघडला असण्याचा संभव मोठा. खात्री करायला फ्रिज एक दिवस दार उघडं ठेवून पूर्ण बंद ठेवा. चालू केल्यावर काही दिवस छान चालला आणि पुन्हा तेच झालं, तर मेकॅनिकला बोलवा आणि हे सगळं त्याला सांगा.

आणि साध्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या एकाच तुकड्यावर बर्फ धरतो, बाकीचा पत्रा कोरडा राहतो, असं असेल तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यायची. फ्रीजर चारी बाजूंनी बर्फाने भरलेला असताना कोणी ‘गॅस गेला’ म्हटलं, तर त्याला शांतपणे विचारायचं: दादा, मग हा बर्फ कशाने झाला?

पाणी कुठून येतं?

वितळलेलं पाणी कुठेतरी जायला हवं. काही जुन्या फ्रिजमध्ये ते फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये साठतं, तो ट्रे आपणच रिकामा करायचा असतो. बाकीच्यांत ते एका भोकातून, नळीतून मागे जातं आणि कॉम्प्रेसरजवळच्या तसराळ्यात पडतं. तिथल्या उष्णतेने ते आपोआप सुकतं. हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला की गळती शोधता येते.

पाणी आत, भाजीच्या खणात साठतंय: भोक बुजलंय. कोथिंबिरीची काडी, मेथीचं पान, सांडलेलं दूध तिथे जाऊन बसतं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली मोठी सिरिंज आणा, कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून हळूहळू भोकात सोडा. तार खुपसू नका, नळी फाटते. पाणी मागच्या तसराळ्यात उतरलं की रस्ता मोकळा झाला.

पाणी मागच्या बाजूला जमिनीवर: तसराळं फुटलंय, सरकलंय किंवा नळी जागेवरून निघाली आहे.

पाणी पुढे, दाराखाली: फ्रिज पुढे कललेला आहे, किंवा वीज बराच वेळ गेली आणि साठलेला सगळा बर्फ एकदम वितळला.

बाहेरच्या पत्र्यावर, दाराच्या कडेला थेंब: भर पावसात हा फ्रिजला आलेला घाम असतो. पुसून टाका, रबर तपासा. ही गळती नव्हे.

आणखी एक. गॅस गळला तर जमिनीवर पाणी होत नाही. पाणी म्हणजे पाणीच.

कुठे थांबायचं?

आपण शिकायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं नाही. हात लावण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. हात कोरडे, पायात चप्पल. फ्रिजच्या पत्र्याला झिणझिण्या लागत असतील तर तो वापरणं तिथेच बंद. आधी अर्थिंग बघून घ्या. तीन पिनांच्या प्लगची एक पिन मोडून दोनवर चालवणं हा जिवाशी खेळ आहे. वायर, कॉम्प्रेसर, गॅस ही कामं शिकलेल्या माणसाचीच.

आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. तो थोडा असतो, पण पेट घेतो. चुकून नळीला भोक पडलंच तर दारं-खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, बटणं दाबू नका. त्याआधीच्या जुन्या फ्रिजमध्ये सीएफसी गॅस होता. त्याने पृथ्वीवरच्या ओझोनच्या थराला इजा होते, म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी करार केला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा संबंध आभाळाशी असतो, तो असा. म्हणून जुना फ्रिज भंगारात देताना नळ्या तोडून गॅस हवेत सोडू देऊ नका.

मेकॅनिकला बोलावलं तर काय बिघडलं ते लिहून मागायचं, बदललेला जुना भाग आपल्याकडे ठेवायचा, पावती घ्यायची. आणि तो काम करत असताना चहा करायला आत जायचं नाही, समोर उभं राहायचं. चहा नंतर करता येतो.

पुसणारी आणि ठरवणारी

आता कोणी म्हणेल, बायांना यंत्रातलं काय कळतं? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज असतो. त्याचं तापमान २ ते ८ अंशांमध्ये ठेवायचं असतं, दिवसातून दोनदा नोंद करायची असते, बर्फ ५ मिलिमीटरच्या वर गेला की काढायचा असतो. लस घेऊन पाड्यावर जाणाऱ्या नर्सबाई बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत भरत नाहीत. त्यांना घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आत खळखळ आवाज येईपर्यंत थांबतात; कारण काही लसी गोठल्या की निकामी होतात. हे बारीक ज्ञान बायांच्याच हातात आहे. घरात इन्सुलिन ठेवणाऱ्या मैत्रिणींनीही हे लक्षात घ्यावं. इन्सुलिन बर्फाजवळ ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा. एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही.

म्हणजे कळत नाही असं नाही. घरात कळण्याचा अधिकार दिला जात नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी बाईचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत, पुरुषांच्या आणि मुलांच्या वाटची घरकामं मात्र यंत्रांनी उचलली, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? फ्रिज आल्यापासून रात्री अकराला पाहुणा आला तरी ‘फ्रिजमध्ये असेलच काहीतरी’ म्हणून बाईलाच उठवतात. घेताना रंग आणि कंपनी नवरा ठरवतो, मेकॅनिकशी दीर बोलतो, आणि पाणी पुसते ती. पुसणारी वेगळी आणि ठरवणारे वेगळे.

त्या बाईचं पुढे काय झालं?

दोन्ही घरांची बैठक ठरली तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. ती म्हणाली, “ताई, आधी फ्रिज बघू.” दोघींनी मिळून बघितला. फ्रीजर चारी बाजूंनी बर्फाने गच्च. खालच्या कोपऱ्यात नोट सहज निसटली. निचऱ्याच्या भोकात कोथिंबिरीच्या काड्यांचा बोळा. तिनेच सिरिंजने पाणी सोडलं, तिनेच मागे वाकून तसराळ्यात पाणी पडताना सगळ्यांना दाखवलं. मग सासूकडे बघून म्हणाली, “पाणी फ्रिजचं होतं, माझं नव्हतं.” एवढं वाक्य बोलायला तिला चार वर्षं लागली होती.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण खरं सांगायला हवं. फ्रिज दुरुस्त झाला, मागणी दुरुस्त झाली नाही. दोन महिन्यांनी फ्रिजच्या जागी मोटरसायकल आली. त्यांना फ्रिज नकोच होता, निमित्त हवं होतं. माझीही इथे चूक झाली. फ्रिज सुधारला म्हणजे घर सुधारेल असं मला त्या दिवशी थोडंसं वाटलं होतं, आणि मी तिला परत पाठवायला तयार झाले होते. मार खाल्लेल्या बाईच्या बाबतीत फ्रिजचा प्रश्न आधी सोडवायचा नसतो. आधी तिची सुरक्षितता.

पण त्या सिरिंजने एक झालं. ‘माझ्या हातून बिघडतं’ हे तिच्या डोक्यातून गेलं. दुसऱ्या मागणीच्या वेळी ती आपण होऊन आली, कागद घेऊन आली. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लग्नानंतर केलेली मागणीही हुंड्यातच येते. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेसाठी पूर्वी ४९८-अ हे कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५ वं कलम आहे. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, स्त्रीधन परत मागता येतं. तिने यादी केली, त्यात फ्रिज लिहिला, वडिलांच्या नावाची पावती जोडली. आज ती माहेरी आहे. फ्रिज तिच्याकडे परत आला आहे. प्रकरण अजून चालू आहे. उन्हाळ्यात ती शाळेजवळच्या पोरांना पेप्सी विकते आणि महिन्यातून एकदा स्वतः बर्फ काढते.

आपण काय करायचं?

मी तीन गोष्टी सुचवते, तुम्ही चर्चा करा. पहिली: प्रत्येक गटाने एका बैठकीत कुणाच्या तरी घरचा फ्रिज सगळ्यांनी मिळून उघडून बघावा. नोट, सिरिंज आणि सोडा, एवढंच सामान लागतं. दुसरी: गटाच्या कर्जातून फ्रिज घेतला तर पावती आणि हमीपत्र बाईच्या नावावर असावं, आणि त्या कागदांची एक प्रत गटाच्या फायलीत राहावी. तिसरी: आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम असतो. दहावी झालेल्या आपल्या मुलींना शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरबरोबर तोही दाखवा. बाजारपेठेतल्या त्या दुरुस्तीवाल्याला मी विचारलं होतं, मुलगी शिकायला आली तर घ्याल का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आली तर घेईन. आजवर कोणी पाठवलीच नाही.”

मुलगी पाठवायचं काम आपलं आहे. बाकीचं बोलणं आता फ्रिजसमोर करू. आजच्या यजमानीणबाईंनी त्यांचा फ्रिज रिकामा करून ठेवला आहे. कोणाकडे दहाची नोट आहे?